चिकन म्हणजे काय? एका शब्दावरून झालेला खटला

२ मे १९५७ रोजी न्यूयॉर्कच्या एका विक्री कंपनीने स्वित्झर्लंडमधल्या एका आयातदाराशी दोन करार केले. माल होता गोठवलेल्या कोंबड्या. महिना संपायच्या आत पहिली खेप युरोपात उतरली, खोकी उघडली आणि तारांची लढाई सुरू झाली. माल सडका नव्हता. सरकारी तपासणी झालेली होती. पहिल्या खेपेत थोडी तूट होती, तीही मागाहून भरून दिली गेली. खरेदीदाराची तक्रार वेगळीच होती: अडीच ते तीन पौंडांचे जे पक्षी पाठवलेत, ते ‘चिकन’ नाहीत. विक्रेत्याचं उत्तर, चिकन नाहीत तर मग काय आहेत?

साडेतीन वर्षांनी, २७ डिसेंबर १९६० रोजी, न्यायाधीश हेन्री फ्रेंडली यांनी निकाल दिला. निकालाची सुरुवातच अशी आहे: मुद्दा असा, की चिकन म्हणजे काय? ‘फ्रिगॅलिमेंट इंपोर्टिंग कंपनी विरुद्ध बी. एन. एस. इंटरनॅशनल सेल्स कॉर्पोरेशन’ हे खटल्याचं नाव अमेरिकेत कायदा शिकलेल्या बहुतेकांना पाठ असतं, कारण करारांच्या कायद्याचे धडे गिरवताना तो वाचावाच लागतो. आपल्याकडे तो तेवढा कुणाला ठाऊक नाही. पण शब्दांवर पोट असलेल्या कुणीही तो वाचावा. मी करारांची भाषांतरं करतो. हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा हसू आलं होतं, दुसऱ्यांदा वाचताना आपण स्वतः काय काय लिहून बसलोय ते आठवून घाम फुटला.

करारातली ती ओळ

पहिल्या करारातलं मालाचं वर्णन मराठीत आणायचं तर साधारण असं होईल: ‘अमेरिकी ताजं गोठवलेलं चिकन, ग्रेड ए, सरकारी तपासणी झालेलं, आतडी काढलेलं, प्रत्येक नग अडीच ते तीन पौंड आणि दीड ते दोन पौंड, प्रत्येक नग प्लॅस्टिकमध्ये वेगळा बांधलेला, निर्यातीला योग्य खोक्यांत.’ मोठ्या वजनाचे ७५,००० पौंड, दर शंभर पौंडांना ३३ डॉलर. लहान वजनाचे २५,००० पौंड, दर साडेछत्तीस डॉलर. म्हणजे एकूण एक लाख पौंड, आपल्या हिशेबाने पंचेचाळीस टनांच्या वर, आणि किंमत ३३,८७५ डॉलर. माल १० मेला निघायचा. दुसरा करार तसाच, फक्त मोठे पक्षी ५०,००० पौंड, लहानांचा दर ३७ डॉलर आणि तारीख ३० मे.

दीड-दोन पौंडांच्या, म्हणजे किलोच्या आतल्या पक्ष्यांबद्दल वाद नव्हता. ते कोवळे होते. भांडण होतं मोठ्यांवरून. ते निघाले अंडी देऊन थकलेल्या, निबर कोंबड्या. तासन्‌तास शिजवून ज्यांचं सूप करायचं त्यातल्या. इंग्रजीत त्यांना ‘स्ट्यूइंग चिकन’ किंवा ‘फाउल’ म्हणतात. गंमत म्हणजे बऱ्याच पिशव्यांवर आणि खोक्यांवर तसं छापलेलंही होतं. लपवाछपवी काही नव्हती. २८ मेला स्विस कंपनीने तार करून बोंब मारली, विक्रेत्याने उलट तार केली, तारांवर तारा झाल्या आणि या गदारोळातच २९ मेला दुसऱ्या कराराचा मालही जहाजावर चढला. मोठे पक्षी पुन्हा तेच. तो माल मग रॉटरडॅमला अडला.

आता ही ओळ मराठीत आणायचं काम माझ्या टेबलावर आलं असतं तर काय केलं असतं? ‘कोंबडी’ लिहिलं, तर म्हातारी-तरणी सगळी त्यात आली. म्हणजे मी विक्रेत्याच्या बाजूने निकाल देऊन मोकळा. ‘चिकन’ लिहिलं, तर मराठी कानाला ते मांस झालं, तेही बहुतेक करून कोवळ्या पक्ष्याचं. म्हणजे कौल खरेदीदाराकडे. ‘तलंग’ हा आपला नेमका शब्द आहे, अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीसाठी. पण तो वापरला तर करारात नसलेली अट मी घुसडली असं होईल. वर केलेल्या भाषांतरात मी ‘चिकन’ ठेवलंय, पण ते मोकळं नाही, हे कबूल. मूळ शब्दातला संशय जसाच्या तसा ठेवणारा मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही.

शब्दाचं वय

इंग्रजीत हा शब्द मुळात पिल्लाचा. जुन्या इंग्रजीत चिकन म्हणजे कोवळा पक्षी आणि ‘फाउल’ म्हणजे कुठलाही पक्षी, अगदी आकाशातला सुद्धा. पुढे दोघांची अदलाबदल झाली म्हणा ना. फाउल आक्रसत आक्रसत खुराड्यातल्या पक्ष्यावर आला, व्यापारात तर म्हाताऱ्या कोंबडीवर. चिकन फुगत फुगत अख्ख्या जातीचं नाव झालं, पण जुना अर्थही सुटला नाही. आपल्याकडे ‘मृग’ शब्दाचं उलट झालं: संस्कृतात तो कोणत्याही रानटी जनावराला चालायचा, म्हणून सिंह हा मृगेंद्र, मराठीत उरलं फक्त हरीण. आणखी एक फरक, मृगाचा जुना अर्थ मेला आणि चिकनचे दोन्ही जिवंत राहिले. खटले जिवंत अर्थांवरूनच होतात.

बाकी मग चिकन म्हणजे भित्रा, ऐन वेळी कच खाणं, दोन गाड्या समोरासमोर हाकून आधी कोण वळतो ते बघायचा जीवघेणा खेळ, हे सगळं इंग्रजीत आहेच. (लखनवी ‘चिकन’चा कुर्ता यात नाही. तो शब्द फारसीतला, कोंबडीशी त्याचं काही नातं नाही.) कोर्टात मात्र प्रश्न शेपूट घालण्याचा नव्हता, वयाचा होता.

तारा, आणि जर्मन

हा सौदा जमला कसा, ते बघण्यासारखं आहे. मध्यस्थ होता न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार मेळ्यात चेकोस्लोव्हाकिया सरकारसाठी काम करणारा एक माणूस. त्याने विक्री कंपनीच्या सेक्रेटरीला फोन केला, स्वित्झर्लंडला कोंबड्या पाठवता का म्हणून विचारलं, आणि स्विस कंपनीची २६ एप्रिलची तार दाखवली: अडीच ते तीन पौंडांचं चिकन हवं, भाव पौंडाला ३३ सेंटपर्यंत. हा आकडा लक्षात ठेवा. तो विक्रेत्याने काढलेला नव्हता.

पुढच्या तारा बहुतेक जर्मनमध्ये होत्या, पण त्यात ‘चिकन’ हा शब्द मुद्दाम इंग्रजीतच ठेवलेला होता. स्विस कंपनीचं म्हणणं असं: जर्मनमधला ‘हून’ हा शब्द ढोबळ, त्यात भाजायची कोवळी ‘ब्राटहून’ येते आणि सुपाची म्हातारी ‘झुप्पेनहून’ही येते. आम्हाला फक्त कोवळी हवी होती, म्हणून तर आम्ही आपला शब्द सोडून इंग्रजी शब्द उचलला. समोरच्यांना जर्मन उत्तम येतं, त्यांना हे कळायला हवं होतं.

मला या सगळ्या प्रकरणातला हा युक्तिवाद सर्वांत आवडतो, कारण तो आपल्या घरातला आहे. उसना शब्द नेहमी अर्धाच घरी येतो. इंग्रजाचं चिकन अंगणातही फिरतं आणि ताटातही असतं. मराठीत आलेलं चिकन फक्त ताटात. अंगणात कोंबडीच. ‘आमच्या चिकनने आज अंडं दिलं’ असं कुणी म्हणत नाही. उसना घेताना आपण शब्दाची एक फाक कापून घेतो आणि ती फाक म्हणजेच अख्खं फळ असं धरून चालतो. स्विस व्यापाऱ्याने तेच केलं असणार. पण तार ज्याला गेली त्याच्याकडे अख्खं फळ होतं.

शिवाय सेक्रेटरीने साक्षीत सांगितलं, की मी त्या मध्यस्थाला विचारलं होतं, कसल्या कोंबड्या हव्यात? तो म्हणाला, कसल्याही. मग मी जर्मनमध्ये विचारलं, म्हणजे तारेतल्या शब्दाचा अर्थ ‘हून’च ना? तो हो म्हणाला. स्विस बाजूने हरकती घेतल्या: हा साक्षीदार आधीच्या जबानीत वेगळं बोलला होता, आणि तारेचा अर्थ लावायचा अधिकार मध्यस्थाला कुणी दिला? पण जर्मन टाळण्यामागे काही नाजूक हेतू होता या दाव्याची हवा त्या एका ‘हो’ने बरीच गेली.

साक्षीदारांची गोची

व्यापारी रिवाज सिद्ध करायला दोन्हीकडून धंद्यातली माणसं उभी केली गेली. स्विस सहकारी दुकानांच्या एका मोठ्या साखळीसाठी न्यूयॉर्कमध्ये खरेदी करणारा एक जण म्हणाला, चिकन म्हटलं की मी ब्रॉयलरच समजेन. उलटतपासणीत कळलं, की हा गृहस्थ स्वतःच्या ऑर्डरमध्ये कोवळी हवी तर ‘ब्रॉयलर’ लिहितो आणि म्हातारी हवी तर ‘फाउल’. स्वतःचे पैसे लावताना ‘चिकन’वर भिस्त ठेवत नाही.

दुसरा त्याहून भारी. या निबर कोंबड्या विक्रेत्याला ज्यांनी पुरवल्या, त्यातल्याच एका कंपनीचा अधिकारी खरेदीदाराच्या बाजूने साक्षीला आला. त्याच्या मते चिकन म्हणजे या धंद्यातली नर जात. ब्रॉयलर, फ्रायर (तळायची), रोस्टर (भाजायची) काहीही असेल, पण सुपाची कोंबडी नाही. नर जात कुठून काढली, देव जाणे. पण ऑर्डर आली तेव्हा यानेच विचारलं होतं, फाउल हवं की तळायची? आणि पाठवली म्हातारीच. वर करार झाल्यावर एक-दोन दिवसांत विक्रेत्याला सांगून कागदावरच्या ‘चिकन’च्या जागी ‘स्ट्यूइंग चिकन’ असं करून घेतलं. तोंडाने काही म्हणाला तरी हाताने एक शब्द वाढवून ठेवलेला. कोंबडी बाजाराचे रोजचे भाव छापणाऱ्या संस्थेचा माणूसही चिकन म्हणजे ब्रॉयलर आणि फ्रायर असंच म्हणाला. तिघांतली हीच साक्ष काय ती जरा सरळ.

विक्रेत्याकडून न्यू जर्सीत कोंबड्या साफ करण्याचा कारखाना चालवणारा एक जण आला. त्याची व्याख्या: हंस, बदक आणि टर्की सोडून सगळं चिकन, मग त्यातलं कुठलं हवं ते तुम्ही सांगायला पाहिजे. शब्दकोशकारांनी हेवा करावा इतकी ही चोख व्याख्या आहे.

विक्रेत्याच्या हातात एक कागदही होता. करारात नुसतं चिकन नव्हतं. ‘ग्रेड ए, सरकारी तपासणी झालेलं’ असं होतं. तपासणी म्हटली की अमेरिकी कृषी खात्याचे नियम आले, आणि त्या नियमांत चिकनचे सहा वर्ग दिलेले: ब्रॉयलर किंवा फ्रायर, रोस्टर, केपन, म्हणजे खच्ची केलेला कोंबडा, स्टॅग, म्हणजे निबर व्हायला लागलेला, हेन, ऊर्फ स्ट्यूइंग चिकन, ऊर्फ फाउल, आणि शेवटी म्हातारा कोंबडा. पाचव्या वर्गात ती बसलेलीच आहे.

खरेदीदाराचा आणखी एक मुद्दा वरवर बिनतोड वाटतो: दीड-दोन पौंडांची म्हातारी कोंबडी नसतेच, ते पक्षी कोवळेच असणार, मग एकाच ओळीतल्या त्याच शब्दाने मोठे पक्षीही कोवळेच समजायला नकोत का? न्यायाधीशांनी सफरचंदांचं उदाहरण दिलं. दोन आकारांची सफरचंदं मागवली आणि दोन्ही आकारांत मिळणारी जात एकच असली, तरी वेगवेगळ्या जातींची सफरचंदं पाठवून करार पुरा होऊ शकतो. हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. एका वाक्यात एकदाच आलेल्या शब्दाला वजन बदललं की वय बदलायची मुभा द्यायची, हे जरा ओढूनताणून आहे. पण या एका मुद्द्यावर निकाल फिरणार नव्हता.

तेहेतीस सेंट

माझ्या मते खटला इथे संपतो. त्या वेळी न्यूयॉर्कच्या बाजारात अडीच ते तीन पौंडांच्या ब्रॉयलरचा भाव होता पौंडाला ३५ ते ३७ सेंट. करार ३३ सेंटांचा. म्हणजे कोवळ्या कोंबड्या पाठवायच्या तर पहिल्याच खेपेत विक्रेत्याने ७५,००० पौंडांवर दीड ते तीन हजार डॉलर स्वतःच्या खिशातून घालायचे. निबर कोंबडी त्याला ३० सेंटला मिळाली होती, तिच्यावर पौंडामागे तीन सेंट सुटत होते. स्विस वकिलांचं उत्तर होतं की ३३ हा आकडा ३० पेक्षा ३५ ला जवळचा आहे. गणित बरोबर आहे, पण बाजार असा चालत नाही. समोरचा माणूस चार पैसे कमवायला बसलाय हे खरेदीदाराला माहीत असणार, असं फ्रेंडलींनी लिहिलंय. मटणवाल्याच्या दुकानात बोकडाच्या भावाची पाटी असताना त्याहून स्वस्तात ‘मटण’ देतो म्हणणाऱ्याला आपण दुसऱ्यांदा विचारतोच ना, कसलं?

निकाल विक्रेत्याच्या बाजूने गेला. रीत अशी: विक्रेत्याला खरोखर वाटत होतं की सुपाच्या कोंबड्या चालतील. नुसतं वाटणं कामाचं नाही, पण ते शब्दकोशातल्या एका अर्थाशी जुळत होतं, कृषी खात्याच्या व्याख्येशी जुळत होतं, धंद्यातल्या निदान काही लोकांच्या बोलण्याशी, बाजारभावाशी आणि खरेदीदाराच्या मध्यस्थाच्या शब्दांशीही जुळत होतं. खरेदीदाराला अरुंद अर्थ हवा होता. तोच अर्थ अभिप्रेत होता हे दाखवायची जबाबदारी त्याची, आणि ती त्याला पेलली नाही. विक्रेता या धंद्यात नवखा होता, त्यामुळे ‘धंद्यात सगळ्यांना माहीत असतं’ एवढं म्हणून भागत नव्हतं. त्याला ठाऊक होतं, किंवा रिवाज इतका सर्रास होता की ठाऊक असणारच, हे दाखवायला हवं होतं. दावा खर्चासह फेटाळला गेला.

दोन जहाजं

फ्रेंडलींनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले एकेकाळचे न्यायमूर्ती होम्स यांच्या विचाराचा आधार घेतला होता: करार जुळतो तो दोघांच्या मनात एकच गोष्ट असल्यामुळे नव्हे, दोघांनी एकच गोष्ट बोलून दाखवली म्हणून. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम १३ मात्र दुसरीकडून सुरुवात करतं: दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तर ती संमती. एकाच अर्थाने! हा निकष जसाच्या तसा लावला तर या प्रकरणात संमती कुठे होती? कलम २९ खालची उदाहरणंही वाचण्यासारखी आहेत. ‘शंभर टन तेल’ विकायचा करार केला आणि कसलं तेल ते कळायला काहीच मार्ग नसेल, तर करार रद्दबातल. पण विकणारा फक्त खोबरेल तेलाचा व्यापारी असेल, तर त्याचा धंदाच शब्दाचा अर्थ सांगतो आणि करार उभा राहतो. न्यूयॉर्कच्या विक्रेत्याचा धंदा काही सांगत नव्हता. कोंबड्यांत तो नुकताच पडला होता.

एकच गोष्ट बोलून दाखवली आणि तरी करार झालाच नाही, असं सर्वांत गाजलेलं प्रकरण आपल्या मुंबईच्या कापसाचं आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला होता तो काळ. सुरती कापसाच्या १२५ गाठी ‘पीअरलेस’ जहाजातून मुंबईहून लिव्हरपूलला येणार, असा सौदा झाला. घोळ असा, की मुंबईहून निघणारी ‘पीअरलेस’ नावाची दोन जहाजं होती. एक ऑक्टोबरात सुटलं, एक डिसेंबरात. घेणाऱ्याच्या डोक्यात पहिलं, देणाऱ्याच्या डोक्यात दुसरं. १८६४ मध्ये इंग्लंडच्या कोर्टाने घेणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला, आणि कारणंही सांगितली नाहीत.

चिकनचा निकाल दिल्यावर काही महिन्यांतच, १९६१ मध्ये, फ्रेंडलींनी दुसऱ्याच एका खटल्यात बहुमताशी असहमती दाखवणारं मत लिहिलं आणि त्याच्या तळटीपेत स्वतःच्या कोंबड्यांकडे परत आले. तो निकाल दोन्ही पक्षांची समजूतच जुळली नव्हती या आधारावर दिला असता तर कदाचित जास्त बरं झालं असतं, असं त्यांनी नोंदवलं. नुकसान मात्र तेव्हाही स्विस कंपनीच्याच अंगावर राहिलं असतं, कारण विक्रेता तोवर कोंबड्या घेऊन, बांधून, जहाजावर चढवून बसला होता, आणि त्यात त्याचं फार काही चुकलं होतं असं म्हणता येत नव्हतं.